अम्मीसाठी जागा पाहताना

‘वृद्धाश्रम’ हा शब्द आपल्या घरांत शिवीसारखा वापरला जातो. कुणी आईला तिथे ठेवलं असं कळलं की ऐकणारा ‘तौबा, तौबा’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. मग ज्या कुटुंबावर खरोखर ही वेळ येते, त्याला विचारायला कुणी उरत नाही. जागा कशी पाहायची, काय विचारायचं, खर्च किती, नमाजचं कसं, यातलं काहीच नात्यात किंवा जमातीत सहज कळत नाही. आम्ही चार भावंडांनी गेल्या पावसाळ्यात पुणे आणि आसपासच्या सात जागा पाहिल्या. तिथे जे दिसलं ते लिहीत आहोत. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी घरची हकिगत. आमची अम्मी 78 वर्षांची. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तिने सारी नोकरी केली. अब्बांच्या इंतकालानंतर ती थोरल्या भाईजानकडे कोंढव्यात राहायला आली. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं, पण समज अगदी शाबूत राहिली. दीड वर्ष भाभींनी तिचं सगळं केलं. पुढे भाभींच्याच मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं. आपा मिरजेत, तिच्या घरी तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. धाकटा मुंब्र्यात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक भाऊ शारजात. ब्युरोतून बाई लावली, तर वर्षभरात अकरा बाया बदलल्या. त्यात अम्मीच्या माकडहाडावर जखम झाली. रुपयाएवढी होती ती दोन आठवड्यांत तळहाताएवढी झाली आणि तिला बारा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की हिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला हवी, रात्रीसुद्धा, आणि ते एकट्या माणसाचं काम नाही.

जागा शोधायचं ठरलं आणि फोन सुरू झाले. कराडच्या मामूंनी सुनावलं की चार-चार मुलं असून बहिणीवर ही वेळ यावी? आईवडिलांपुढे ‘उफ’सुद्धा काढू नये, हा सूरह बनी इस्राईलमधला हुकूम आम्हाला त्या आठवड्यात निदान पाच जणांनी आठवण करून दिला. त्या पाचांतल्या एकानेही रात्री दोन वाजता अम्मीची कूस बदलायला येतो असं म्हटलं नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी विचारल्या. अम्मी राजी आहे का? खर्च तुम्ही करणार की तिच्यावरच टाकणार? आणि तुम्ही तिथे जाणार किती वेळा? मग म्हणाले, “खिदमत औलादीवर आहे. सुनेने केली तर तो तिचा एहसान. तिची पाठ मोडून तुम्ही सवाब कमवणार असाल, तर तो सवाब कुणाचा, याचा विचार करा.” हे ऐकून भाभी रडल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या बाजूने कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

कायद्याचंही पाहून घेतलं. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण यासाठीचा 2007 चा कायदा आहे. ज्येष्ठ माणसाला सांभाळायची जबाबदारी असताना त्याला कुठेतरी नेऊन टाकून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ठेवणं आणि टाकणं यातला फरक कायद्यालाही कळतो. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो घरात लिहून ठेवावा.

शोध सुरू केल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की बरेच वृद्धाश्रम आपलं आपण करू शकणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसांसाठी असतात. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणाऱ्या जागा वेगळ्या. कुणी त्यांना शुश्रूषा केंद्र म्हणतं, कुणी केअर सेंटर. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचा, म्हणजे निम्मी पायपीट वाचते.

पहिली जागा मोठी होती. स्वागताला फुलदाण्या, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो, टाय लावलेला मुलगा खोल्यांचे तीन दर समजावून सांगत होता. आपाने विचारलं, “या मजल्यावर रात्री किती जण असतात?” तो म्हणाला, “स्टाफ पुरेसा आहे मॅडम.” आकडा विचारला, तर “तुम्ही काळजीच करू नका.” खाली येताना लिफ्टमध्ये एक मावशी भेटल्या, त्यांनी सहज सांगून टाकलं: बत्तीस माणसं आणि रात्री दोघी. आम्ही गाडीत बसून हिशेब केला. बत्तिसांतले वीस जण स्वतः हलू न शकणारे धरले आणि दोघींनी मिळून एकाची कूस बदलायला, चादर सारखी करायला सहा मिनिटं धरली, तर वीस जणांचे 120 मिनिटं, म्हणजे पूर्ण दोन तास होतात. एक फेरी संपली की दुसरी सुरू. त्यात कुणाचं डायपर बदलणं नाही, कुणाला पाणी देणं नाही, कुणी घंटी वाजवली तर जाणं नाही. त्या फुलदाण्यांचा आमच्या अम्मीला काय उपयोग?

म्हणून आमचं मत असं झालं आहे की दिवसाची जागा पाहायला जाऊच नये, रात्रीची पाहावी. पहिल्यांदा वेळ ठरवून जावं लागतंच. पण दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी साडेसात-आठला जावं. दिवसपाळी निघालेली असते, रात्रपाळी नुकती आलेली असते, जेवणं चाललेली असतात. अशा वेळी एका ठिकाणी आम्हाला एक आजोबा दिसले, दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. “नाकातली नळी ओढतात,” असं उत्तर मिळालं. असेलही. पण हात बांधायला कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, किती वेळासाठी, मधूनमधून सोडतात का, याची कुठे नोंद आहे का, असं विचारलं तर तसा कागदच नव्हता. तिथून आम्ही पाणी न पिता उठलो.

दुसऱ्या एका ठिकाणी नोंदी होत्या, जरा जास्तच होत्या. पलंगाच्या पायथ्याशी कुशींचा तक्ता लावलेला: डावी, पाठ, उजवी. दुपारचे तीन वाजले होते आणि तक्ता सहा वाजेपर्यंत भरलेला, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. आमची अम्मी मास्तरीण, हजेरीपट आधी भरून ठेवणाऱ्यांना तिने आयुष्यभर ओळखलं. तिला हे सांगितल्यावर ती डाव्या ओठाने हसली.

घास भरवणं पाहावं. पक्षाघात झालेल्या माणसाला गिळायला त्रास होतो. पातळ पाणी किंवा चहा श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून माणसाला नीट उठवून बसवून, मऊ घट्टसर अन्न, एक घास गिळला की दुसरा, असं भरवावं लागतं आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवावं लागतं. एका ठिकाणी मावशी उभ्यानेच, झोपलेल्या आजींच्या तोंडात मगाने पेज ओतत होत्या. त्या मावशींना तरी काय बोलणार? त्यांच्यापुढे आणखी नऊ ताटं होती.

शिवाय बारीकसारीक गोष्टी असतात. फिनेलचा भपकारा आला म्हणजे स्वच्छता आहे असं नाही. तिथल्या लोकांची नखं पाहावीत, टाचा पाहाव्यात. चष्मा डोळ्यांवर आहे की कपाटात? कवळी तोंडात आहे का? पाण्याचं भांडं आणि घंटी कुठे ठेवली आहे? अम्मीचा उजवा हात चालत नाही, तिच्या उजवीकडे टांगलेली घंटी असून नसल्यासारखी. न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का, हे आम्ही टेप लावून मोजलं. लोक आमच्याकडे विचित्र नजरेने पाहत होते. पाहू देत.

आता आपल्या विशेष प्रश्नांबद्दल. एका जागेने फोनवर पलंग रिकामा असल्याचं सांगितलं, नाव-आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पलंग भरल्याचं कळवलं. त्याच पलंगाची जाहिरात पुढच्या आठवड्यातही होती. वाईट वाटलं, पण भांडायला वेळ नव्हता. बाकी ठिकाणी असा अनुभव आला नाही, हेही सांगायला हवं. दोन जागांचं स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी होतं. आम्हाला त्याची अडचण वाटली नाही, उलट हलालचा प्रश्नच मिटतो. अम्मीचं कालवण शुक्रवारी आम्ही नेऊ शकतो का, एवढंच विचारलं. एकांनी नाही म्हटलं, दुसऱ्यांनी वेगळ्या भांड्यात आणा म्हणून सांगितलं.

अम्मीच्या दृष्टीने मोठा प्रश्न पडद्याचा होता. आंघोळ कोण घालणार, डायपर कोण बदलणार? सगळीकडे “बायकाच करतात” असं सांगतात. पण रात्री? आणि बाई सुट्टीवर असेल तेव्हा? हे खोदून विचारावं लागतं. नमाजचं तसं सोपं असतं, आपल्यालाच ते अवघड वाटतं. पलंग असा लावून हवा की तोंड किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकून होईल. वजूला तसराळं आणि तांब्या पुरतो, पाणी चालत नसेल तेव्हा तयम्मुम आहे. बसता येत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज होते. लघवीवर ताबा नसलेल्या माणसाला शरीअतने माजूर मानलं आहे, ते सारे मसले इमामसाहेबांनी अम्मीला स्वतः येऊन समजावले. माझी नमाज आता होतच नाही, असं धरून ती सहा महिने मनात कुढत होती.

आपल्याच लोकांनी चालवलेली एक जागाही पाहिली. जवळच मशीद, अजान ऐकू येते, मुली प्रेमाने बोलणाऱ्या, पैसे नाममात्र. मन तिथेच बसलं होतं. पण रात्री नर्स नव्हती, जखमेचं ड्रेसिंग जमणारं कुणी नव्हतं. तिथल्या जिम्मेदारांनी स्वतःच सांगितलं की आमची सोय चालत्याफिरत्यांसाठी आहे, तुमच्या वालिदांना इथे त्रास होईल. त्यांच्या या सच्चेपणाबद्दल आम्ही दुआ केली आणि जमेल तेवढी मदतही दिली. अजान ऐकू येणं फार मोलाचं आहे, पण जखम अजानने भरत नाही.

शेवटी जी जागा पसंत पडली ती सासवड रस्त्याला एका जुन्या बंगल्यात आहे. सोळा पलंग. चालवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. भिंतींना रंग हवा आहे आणि अंगणातली फरशी उखडली आहे. पण रात्री सोळांमागे तीन माणसं: दोन बायका, आणि उचलायला एक मामा, जो खोलीत शिरण्यापूर्वी दारातून आवाज देतो. आम्ही तिथे तीनदा गेलो, एकदा रविवारी दुपारी, एकदा रात्री नऊला. तक्त्यावरची अक्षरं वेगवेगळी होती, एक खाना रिकामाही होता. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, “राहिलं असेल. त्या वेळी तीन नंबरच्या आजोबांना उलटी झाली होती.” भरलेल्या तक्त्यापेक्षा त्या रिकाम्या खान्यावर आमचा भरवसा बसला.

एक प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून निघत नव्हता. तो आपाने विचारला: “उद्या काही झालं तर?” सिस्टरांनी वही काढली. पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, दाखला कोणते डॉक्टर देतील, कब्रस्तान कोणतं, गुस्ल द्यायला कोण येणार, असं विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, “पूर्वी एक मुस्लिम आजी होत्या आमच्याकडे. नळ्या काढायच्या, डोळे मिटायचे, हनुवटी कापडाने बांधायची, हातपाय सरळ करायचे, अंगावर चादर घालायची. बाकीला हात लावायचा नाही, तुमच्या बायका येईपर्यंत.” भाईजान बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. आमचा निर्णय तिथेच झाला.

पैशांचं स्पष्ट लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. सात जागांनी महिन्याला 26 हजारांपासून 55 हजारांपर्यंत सांगितले. डायपर, औषधं, फिजिओथेरपी आणि हवेच्या गादीचं भाडं बहुतेक ठिकाणी वेगळं, म्हणजे सांगितलेल्या रकमेत आणखी सात-आठ हजार धरायचे. अनामत एक ते तीन महिन्यांची. ती परत कधी मिळणार, माणूस मध्येच दवाखान्यात गेला तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, दवाखान्यात सोबत कोण थांबणार, हे करारात लिहून घ्यावं. तोंडी शब्दावर जाऊ नये. आरोग्यविमा यात सहसा मदत करत नाही, तो दवाखान्यात भरती झाल्यावरचा असतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तेही भरती झाल्यावरचेच. अम्मीला पेन्शन आहे. ती पूर्ण वापरू नये, तिच्या हातात काही राहावं, असा शारजातल्या भावाचा आग्रह. वरचं आम्ही चौघांनी वाटून घेतलं. आपाचा वाटा कमी, पण आहे. तो घेऊ नये असं आम्ही म्हणालो तेव्हा ती रागावली.

हे सगळं अम्मीला न विचारता करायचं नव्हतं. तिला सारं नीट सांगितलं, गाडीतून नेऊन जागा दाखवली. तिने खिडकी पाहिली, शेजारच्या पलंगावरच्या सासवडच्या आजींना पाहिलं, सिस्टरांकडे बराच वेळ पाहिलं. मग अडखळत एकच विचारलं, “जुम्मे को कौन आयेंगा?” तिने हे विचारावं याची आम्हाला कल्पना नव्हती. तिथेच उभ्या उभ्या वार वाटून घेतले. शुक्रवार भाईजानांचा, जुम्म्याची नमाज झाली की थेट. रविवार धाकट्याचा. महिन्यातले चार दिवस आपाचे, ती राहायलाच येते. शारजातला रोज मगरिबनंतर व्हिडिओवर. भाभींना कोणताच वार दिला नाही. त्या आपल्या मनाने मंगळवारी जातात, अम्मीच्या केसांना तेल लावतात, दोघी गप्पा मारतात. सासू-सुनेच्या इतक्या गप्पा घरी असताना होत नव्हत्या.

एक महिना तात्पुरतं ठेवायचं आणि नंतर अम्मीला पुन्हा विचारायचं, असं ठरलं होतं. ती राहते म्हणाली. आता चार महिने होत आले. जखम भरली आहे. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला तिथूनच केला. डिसेंबरात एका रात्री ती अचानक बरळू लागली, सिस्टरांना आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागली. म्हातारपण आहे, असं म्हणून कुणी सोडून दिलं असतं. सिस्टरांनी सकाळी लघवी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग निघाला, औषधाने चार दिवसांत ती ताळ्यावर आली. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा जंतुसंसर्ग असा डोक्यात शिरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सगळं गोड आहे असं नाही. असरनंतर ती उदास होते, कधी रडते. हॉलमधला टीव्ही मोठ्याने चालू असतो. घरची माणसं येऊन गेली की दोन तास कुणाशी बोलत नाही. मामू कराडहून येऊन गेले, अर्धा तास बसले, जाताना सिस्टरांच्या हातात आंबेमोहोराची पिशवी दिली. आमच्याशी मात्र अजून धड बोलत नाहीत. मावशी मंडळी अम्मीला पहिल्या आठवड्यात ‘आजी’ म्हणायच्या, ती ओ द्यायची नाही. धाकट्याने त्यांना सांगितलं की त्या शाळेत बाई होत्या. तेव्हापासून सगळ्या तिला ‘बाई’ म्हणतात आणि ती ओ देते.

रमजान तोंडावर आला आहे. रोजे तिच्याने होणार नाहीत, फिदियाची रक्कम भाईजानांनी बाजूला काढून ठेवली आहे. पण इफ्तार सगळ्यांच्या वेळेलाच हवी, असा तिचा हट्ट आहे. मगरिबची वेळ महिनाभर रोज बदलते, म्हणून वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या डावीकडच्या भिंतीवर लावून आलो. खजुराचं सिस्टरांना दोनदा समजावलं: बी काढायची, दुधात पूर्ण कुस्करायचा, बसवूनच द्यायचा, अर्धा अर्धा चमचा.